बाळासोबतचा पहिला शरद ऋतू: नवरात्र ते भाऊबीज, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरतो, ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर येतं आणि घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत घरात कुणालाच उसंत नसते. त्यात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर दर दोन दिवसांनी नवा प्रश्न उभा राहतो, आणि उत्तर द्यायला आजी, मावशी, शेजारच्या काकू आणि मोबाइल असे सगळेच तयार असतात. त्यातले नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. आरोग्याबद्दल जे लिहिलं आहे ते पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळासाठी आहे. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा शब्द अखेरचा.

बाळ जेमतेम तीन महिन्यांचं आहे. त्याला सणातलं काय कळणार?

दसरा-दिवाळी काही कळणार नाही, पण उजेड, वास आणि माणसं नक्की कळतील. जन्मल्या जन्मल्या बाळाला वीस-तीस सेंटीमीटरपर्यंतचंच नीट दिसतं, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा दिसतो तेवढं. त्या वयाच्या बाळाला गॅलरीतला कंदील दाखवायला उभं राहिलात तर ती हौस तुमची. दोन-तीन महिन्यांचं बाळ हलत्या वस्तूमागे डोळे फिरवतं. वाऱ्यावर झुलणारा कंदील आणि त्याच्या फडफडणाऱ्या शेपट्या त्याला पाळण्यावरच्या महागड्या खेळण्याहून जास्त वेळ गुंतवून ठेवतात. सहा-सात महिन्यांचं बाळ झेंडूच्या माळेला हात घालतं आणि फूल थेट तोंडात नेतं, त्यामुळे तोरण दारावर उंचच बरं. नऊ-दहा महिन्यांचं भोंडल्याच्या फेरात मध्ये बसून टाळ्या वाजवतं. पाटावरचा हत्ती, भोवती फिरणाऱ्या बायका, तीच तीच चाल: या वयाला यापेक्षा चांगली करमणूक मला माहीत नाही. खिरापत ओळखण्यात मात्र त्याची मदत होणार नाही.

मग पहिलं वर्ष म्हणून सगळंच साग्रसंगीत करावं का?

माझं मत विचाराल तर नाही. घट, भोंडला, दसरा, कोजागरी, फराळ, किल्ला, पहिली आंघोळ, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज एवढं सगळं महिना-सव्वा महिन्यात येतं, आणि ज्या घरात रात्री तीनदा उठावं लागतं तिथे हे सगळं एकाच बाईच्या अंगावर पडतं. नवरा-बायकोने नवरात्राआधी बसून ठरवावं: यंदा मनापासून काय हवं आहे? दोन-तीन गोष्टी निवडा आणि त्या नीट करा. चकली विकत आणा. घट सासूबाई बसवत असतील तर त्यांनाच पूर्ण सूत्रं द्या, 'मी करते' म्हणून अर्ध्यात अडकू नका. वगळलेल्या गोष्टी पुढच्या वर्षी येतातच, तेव्हा बाळ पळत असेल आणि आवरायला आणखी वेळ लागेल, हा भाग वेगळा.

बाबांसाठी एक: 'काही मदत लागली तर सांग' ही मदत नव्हे. बाळाची सकाळची आंघोळ किंवा संध्याकाळचं फिरणं यातलं एक काम महिनाभर पूर्ण स्वतःकडे घ्या.

ऑक्टोबरच्या उन्हाने बाळाला तहान लागत असेल. चमचाभर पाणी द्यायचं का?

सहा महिने पूर्ण होईपर्यंत नाही. उकळून गार केलेलं नाही, ग्राइप वॉटर नाही, गुटीही नाही. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं, आणि उकाड्यात बाळ नेहमीपेक्षा जास्त वेळा, थोडं थोडं पितं ते त्यासाठीच. पाण्याने इवलंसं पोट भरतं, दूध कमी जातं, आणि जुलाबाचा धोका वाढतो तो वेगळाच. दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला होत असेल तर बाळाला पाणी कमी पडत नाही, हे आजींना लंगोट मोजूनच दाखवा. वादापेक्षा ते लवकर पटतं. पाण्याचा तांब्या आईजवळ ठेवा, खरी गरज तिला आहे. सहा महिन्यांनंतर जेवणाबरोबर घोट-घोट उकळून गार केलेलं पाणी चालतं.

दुपारी घाम आणि पहाटे गारवा. कपडे कसे घालायचे?

मुंबई-कोकणात हा प्रश्न दिवाळीपर्यंत फारसा येत नाही, तिथे सुती झबलं आणि पंखा पुरे. पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूरकडे मात्र ऑक्टोबरच्या शेवटी दुपार तापते आणि पहाटे पांघरूण शोधावं लागतं. आपल्याला पुरतं त्यापेक्षा बाळाला एखादा पातळ थर जास्त, एवढा हिशेब ठेवा. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, लहान बाळांचे ते लागतातच. मानेमागे किंवा छातीवर हात लावून पाहा: घामट लागलं तर एक कपडा काढा. घरात झोपवताना टोपरं नको, जाड दुलई नको, उशी नको. मानेच्या घडीत घामोळं आलं तर गार पाण्याने पुसून कोरडं करा. पावडर फासू नका, ती श्वासातून आत जाते.

पाऊस गेला, डास मात्र आहेत. काय लावावं?

डेंग्यूचे रुग्ण पावसाळ्याच्या शेवटी आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत वाढलेले दिसतात, आणि त्याचा डास दिवसा चावतो, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून मच्छरदाणी फक्त रात्रीची नाही, दुपारच्या झोपेलाही हवी. छत्रीसारखी उघडणारी जाळी यासाठी सोयीची. बाळाच्या खोलीत कॉइल किंवा धुराची अगरबत्ती लावू नका. अंगाला लावायची डासविरोधी मलमं दोन महिन्यांखाली अजिबात नकोत, नंतरही डॉक्टरांना विचारून. खरं काम आठवड्यातून एकदा दहा मिनिटांचं आहे: कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, कूलरची टाकी आणि गच्चीवरचं जुनं टायर कोरडं करणं. दसऱ्याला शस्त्रं-अवजारं पुसतोच, त्यात कूलरही घ्या.

अंगावर पाजते आहे. नवरात्राचे नऊ दिवस उपास धरू का?

निर्जळी नको, एकभुक्तही शक्यतो नको. फराळाचा उपास करायचाच असेल तर तो खरा खाऊन करा: दूध, ताक, राजगिरा, शेंगदाणे, रताळं, केळी आणि भरपूर पाणी. नुसती साबुदाण्याची खिचडी आणि चहा यावर भूक मरते, पोषण होत नाही. भगरीच्या बाबतीत जपा. सुटं मिळणारं जुनं पीठ खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात बहुतेक नवरात्रात येतात. भगर अख्खी आणा, निवडून धुऊन घ्या, पीठ लागलंच तर घरी ताजं करा. अनेक घरांत बाळंतिणीला 'उठता-बसता' करायला सांगतात, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी उपास. देवीचं मन त्यात राखलं जातं असं आजीच सांगतात, मग आपण का ताणावं?

कोजागरीला रात्री बाराला बाळाला उठवायचं का?

अजिबात नको. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, त्यामुळे साडेसात-आठला गच्चीवर गेलात तरी पुरेसा वर आलेला असतो. बाळाला चंद्र दाखवा, पाजा, झोपवा, आणि मग मोठ्यांनी मसाला दूध आटवत बसावं. बऱ्याच घरांत या पौर्णिमेला पहिल्या अपत्याला ओवाळतात, त्याला आश्विनी म्हणतात. नवे कपडे, औक्षण, दहा मिनिटांचं काम, आणि पहिल्याच वर्षी करायला अगदी साजेसं. निरांजन बाळाच्या हाताच्या टप्प्याबाहेर धरा. अक्षता डोक्यावर उधळू नका, दोन दाणे टेकवा, नाहीतर ते डोळ्यात किंवा तोंडात जातात.

मसाला दूध वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये. साखर, सुकामेव्याचे कण आणि वरचं दूध, यातलं त्याला काहीच नको आहे.

रायगडाची हिरकणी गवळण घरी राहिलेल्या तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेली ती कोजागरीचीच रात्र, असं आख्यायिका सांगते. गच्चीवर मोठ्या मुलांना सांगायला याहून चांगली गोष्ट नाही.

दिवाळीत सगळे जमतात, तेव्हाच उष्टावण उरकलं तर?

कल्पना छान आहे, फक्त महिने मोजा. रूढीप्रमाणे मुलाचं उष्टावण सम महिन्यात, सहाव्या-आठव्यात, आणि मुलीचं विषम महिन्यात, पाचव्या-सातव्यात करतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आपले बालरोगतज्ज्ञ दोघेही सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं अन्न सुरू करायला सांगतात. म्हणून मुलीचं पाचव्यात न करता सातव्यात करा, रूढीही मोडत नाही. मुलाचा सहावा महिना चालू असेल आणि पूर्ण झाला नसेल तर थोडं थांबा किंवा आठवा गाठा. सोन्याच्या अंगठीने खीर चाटवायची पद्धत असेल तर अंगठी उकळत्या पाण्यातून काढा, खडा सैल नाही ना पाहा, आणि खीर बिनसाखरेची, मऊ तांदळाची करा.

या ऋतूत सुरुवातीला देण्यासारखं बाजारात भरपूर असतं: उकडून कुस्करलेला लाल भोपळा, रताळं, केळं, नव्या तांदळाची घट्टसर पेज, नाचणीचं सत्त्व, मुगाच्या डाळीचं मऊ वरण त्यावर तुपाची धार. पहिल्या वर्षात मीठ आणि साखर टाळा. सीताफळाचा गर बाळांना फार आवडतो, पण प्रत्येक बी स्वतःच्या हाताने काढा, चाळणीवर घासून घेतलेला गर सगळ्यात निर्धोक. बिया घशात अडकतात आणि फुटलेली बी विषारी असते, त्यामुळे त्या लगेच कचऱ्यात.

सगळे 'एवढासा लाडू चाटव' म्हणतात. काय चालेल?

चिवड्यातले शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप आणि चकलीचे तुकडे, यातलं काहीही बाळाच्या हाती लागू देऊ नका. अख्खे दाणे चार-पाच वर्षांपर्यंत घशात अडकतात, हे घरातल्या मोठ्या मुलांनाही सांगून ठेवा, कारण प्रेमाने भरवणारे बहुधा तेच असतात. सहा महिन्यांनंतर बोटाला लागलेलं बेसन कुणी चाटवलं तर आकाश कोसळत नाही. मधाबाबत मात्र अजिबात सवलत नाही. वर्षाच्या आत मध दिल्यास बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि मध फक्त बरणीत नसतो. पंचामृतात असतो. लक्ष्मीपूजनाचं तीर्थ हातावर देताना गुरुजींना आधीच सांगा, बाळाला नुसतं फूल चालेल.

आईने मात्र फराळ खुशाल खावा. आईने चिवडा खाल्ला म्हणून बाळाला गॅस होतात, याला काही आधार नाही. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू असतील तर ते लपवून ठेवा, घरातले संपवतात.

दिवाळीआधी घर रंगवायचं आहे.

बाळ घरात असताना नको. आजोळी पाठवून रंगवा, नंतर खिडक्या उघड्या ठेवून वास पूर्ण गेल्यावर आणा, किंवा यंदा राहू द्या. जुना रंग खरवडल्यावर उडणाऱ्या धुळीत शिसं असू शकतं, आणि रांगणारं बाळ फरशीवरचं सगळं चाखून पाहतं. माळ्यावरची धूळ झाडायच्या दिवशीही बाळाला शेजारी बसवून या.

नरकचतुर्दशीला बाळालाही पहाटे उटणं लावून आंघोळ घालायची ना?

मालिश आणि आंघोळ हवीच, पण चारला नाही. ते उठेल तेव्हा, खोलीत गारवा नसताना. उटण्यातले नागरमोथा, कचोरा, वाळा, संत्र्याची साल हे सगळं मोठ्यांच्या कातडीला ठीक, तान्ह्याला ते बोचतं आणि पुरळ उठतं. खोबरेल किंवा तिळाच्या तेलाने हलकं मालिश करा, कोमट पाण्याने न्हाऊ घाला. कानात-नाकात-बेंबीत तेल सोडू नका. काजळ डोळ्यात नको, त्यात शिसं सापडतं. तीट लावायचीच तर पायाच्या तळव्याला लावा. शेक-शेगडीच्या धुरीचा धूर बाळाच्या फुप्फुसाला नको. पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचा मान बाळाला द्यायचा असेल तर पाय धरून टेकवा आणि कारीट लगेच उचला, कडू तोंड बाळ विसरत नाही.

गोव्यात त्या पहाटे नरकासुर जाळतात. तिथे रात्रभर स्पीकर वाजतात, तेव्हा झोपायची खोली रस्त्यापासून आतली निवडा.

फटाक्यांचं काय?

नियमानुसार फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणारा फटाका चालत नाही. ही मर्यादाही लहान कानांना खूप आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली. तुमच्या शहराचा त्या वर्षीचा आदेश वेगळा असू शकतो, तो बघून बाळाची झोप त्याआधी किंवा नंतर बसवा. आतली खोली, बंद खिडक्या, पंख्याचा एकसुरी आवाज आणि जवळ पाजणारी आई, एवढ्यावर बहुतेक बाळं दचकूनही परत झोपतात. कानात कापूस कोंबू नका, तो निघून तोंडात जातो. बाहेर न्यावंच लागलं तर बाळांसाठी कानावर बसणारे मफ मिळतात.

आवाजापेक्षा धुराची मला जास्त चिंता वाटते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या मोजणीत सगळ्यात जास्त सूक्ष्म कण निघाले ते बिनआवाजाच्या नागगोळीतून. म्हणजे 'लहान मुलांसाठी निरुपद्रवी' म्हणून आपण जी पेटवतो तीच. बाळ कडेवर घेऊन फुलबाजी धरायची नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

बाळ रांगतं. पणत्या, रांगोळी, माळा कशा मांडायच्या?

पणत्या कठड्यावर किंवा उंच कोनाड्यात ठेवा, जमिनीवर फक्त बाळ झोपल्यावर. दाराशी रंगाच्या पुडीऐवजी तांदळाच्या पिठाची रांगोळी घाला. कपडे सुती, झगमगीत नायलॉन आणि जरीचं झबलं फोटोपुरतं. नवीन कपडा एकदा धुऊनच घाला. विजेच्या माळांच्या वायरी सोफ्यामागे चिकटपट्टीने बसवा.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे: बॅटरीवरच्या प्लास्टिकच्या पणत्या. त्यात बटणासारखा चपटा सेल असतो आणि झाकण बहुधा नखाने उघडतं. तो गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांत जळू शकते. झाकणाला स्क्रू नसलेली पणती घरात आणूच नका. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, सकाळची वाट पाहू नका, थेट एक्स-रेची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठा.

पाहुणे बाळाच्या पाप्या घेतात. कसं सांगायचं?

दारातच हात धुवायला लावा आणि हसून म्हणा, 'मावशी, पापी पायाची घ्या, तिथे फार गुदगुल्या होतात.' सर्दी-खोकला असलेल्यांना फोनवरच शुभेच्छा. बाळ किरकिर करायला लागलं की आत घेऊन जायचा हक्क आईचा, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

पाडवा सासरी, भाऊबीज माहेरी. दोन्हीकडे कसं जायचं?

दोन्ही घरं एका गावात असतील तर प्रश्नच नाही. सोलापूर आणि ठाणे असेल तर यंदा मामाने यावं. ओवाळायला भाऊ आला तरी भाऊबीज होते, आणि मामाला भाच्याला घ्यायचंच असतं.

प्रवास करायचाच असेल तर रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणून दिवाळीची तारीख गणपतीतच बघून ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा न घेतल्यास रेल्वेत तिकीट नाही, एसटीतही पाच वर्षांखाली तिकीट लागत नाही. खालचा बर्थ घ्या. मोठ्या एसटी स्थानकांवर पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत, कुलूप असेल तर नियंत्रकाकडे किल्ली मागा, संकोच करू नका. स्वतःची गाडी असेल तर बाळ मागच्या आसनावर, मागे तोंड असलेल्या बाळाच्या आसनात, मांडीवर नाही. उन्हात उभ्या गाडीत पाच मिनिटंसुद्धा एकटं ठेवू नका.

दसऱ्यानंतर आम्ही ऊसतोडीला जातो. बाळाचे डोस बुडतील का?

बुडायची गरज नाही. माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस, नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस हे सगळं कारखान्याजवळच्या कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतं, पत्ता विचारून नाकारत नाहीत. फडात झोळी बांधताना सावली आणि मच्छरदाणी दोन्ही बघा, ट्रॉलीच्या वाटेपासून लांब बांधा.

आम्ही लंडनला आहोत. इथे दिवाळीत थंडी आणि अंधार.

तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. बाळ अर्थात जुन्याच वेळेला उठतं. आधीचे चार दिवस झोपेची वेळ रोज पंधरा मिनिटं पुढे ढकला. गाडीच्या आसनात फुगीर जाकीट घालून पट्टे बांधू नका, पट्टे सैल राहतात. जाकीट काढा, पट्टे आवळा, वर पांघरूण घाला. अंधार लवकर पडतो याचा एक फायदा आहे: कंदील पाचलाच लावता येतो आणि बाळ जागं असतं.

मोठ्या मुलाला किल्ला करायचा आहे, बाळ माती खातं. काय करावं?

किल्ला गॅलरीच्या किंवा अंगणाच्या कोपऱ्यात, मध्ये पाट आडवा. बाळाला वेगळं घमेलं द्या, त्यात माती नको, भिजवलेली कणीक द्या. किल्ल्यावर अळीव पेरायचं काम मोठ्याचं, पाणी शिंपडायचं काम बाळाला धरून दोघांचं. मावळे मोठे, एकसंध आणि रंग न निघणारे घ्या. छोटी तोफ आणि भाले दादाच्या डब्यात. बाळाने बुरूज पाडला की दादा चिडणारच. त्याला दुपारी बाळ झोपलेलं असताना तासभर तुमच्याबरोबर एकट्याने किल्ला बांधू द्या, ती त्याची दिवाळी आहे.

सुट्ट्यांत डॉक्टर नसतात. तयारी काय ठेवावी?

धनत्रयोदशीच्या आधी दवाखान्यात फोन करून कोणते दिवस बंद आहे आणि त्या दिवसांत कुणाकडे जायचं ते विचारून घ्या. जवळचं चोवीस तास चालणारं मुलांचं रुग्णालय आधी एकदा प्रत्यक्ष पाहून या. घरात थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं पॅरासिटामॉल असावं. डेंग्यूच्या दिवसांत आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन स्वतःहून देऊ नका.

तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप आला तर औषध न देता लगेच रुग्णालयात. कुठल्याही वयात श्वासाला छाती आत ओढली जाणं, पिणं बंद होणं, आठ तास लघवी न होणं, झटके, न उठणारी सुस्ती किंवा अंगावर बारीक लाल ठिपके दिसले तर वाट पाहू नका, गाडी नसेल तर 108 ला फोन करा. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी सोडा, टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून दिवाळीच्या आठवड्यात एकदा बाळाचं वजन करून तो आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा.